गाडी सजवण्याआधी आईला विचारा

रील्समधली कॅम्परव्हॅन फार देखणी असते. पिवळसर दिव्यांच्या माळा, पांढरीशुभ्र चादर, खिडकीबाहेर डोंगर आणि हातात कॉफीचा मग. फक्त एक गोष्ट त्या रीलमध्ये कधीच दिसत नाही. सकाळी सहा वाजता त्या गाडीतल्या बायका जातात कुठे?

आमच्या घरात हा प्रश्न जरा उशिराच विचारला गेला.

बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी ईको घेतली. जेमतेम पावणेचार मीटर लांबीची ही गाडी, बडोद्याच्या आमच्या गल्लीतही सहज वळते. बाबा आणि मी उत्साहात कामाला लागलो. सुताराकडून प्लायवूडची कपाटं करून घेतली, छताला एलईडी पट्ट्या लावल्या, वर कॅरियर बसवला. आई अधूनमधून डोकावायची आणि "छान दिसतंय" म्हणून आत जायची. तिला काय हवंय, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

पहिली सहल कच्छची. खावड्याहून धोळावीरेकडे जाणारा रस्ता साधारण ३० किलोमीटर पांढऱ्या रणातून जातो. दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर मीठ. फोटोसाठी स्वर्गच, पण आडोशाला एक झुडूपही नाही. आईने सकाळपासून अर्धा कप चहा सोडला तर काही घेतलं नव्हतं. मी बाटली पुढे केली, तर म्हणाली, "आडोसा कुठे आहे तेवढं सांग, मग पिते."

दुसऱ्या दिवशी तिला जळजळ सुरू झाली, रात्री ताप आला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती पिता?" आई गप्प. सहल अर्ध्यावर सोडून आम्ही परतलो. बाबा एलईडी पट्ट्यांखाली बसून गाडी चालवत होते आणि मागे आई कुशीवर वळून पडली होती. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

पाणी कमी पिणं आणि लघवी रोखून धरणं, या दोन्हींमुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. आपल्याकडच्या कितीतरी बायका प्रवासात हेच करतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत. म्हणून आम्ही गाडी परत उघडली आणि या वेळी यादी आईने केली.

आधी आडोसा, मग दिवे

यादीत पहिली गोष्ट होती टॉयलेट. छोट्या व्हॅनमध्ये वेगळी खोली होत नाही, पण सोय नक्की होते. सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळणारी घडीची कमोड खुर्ची आम्ही घेतली. तिच्या बादलीत जाड पिशवी, तळाला कोकोपीट, वापरल्यावर वरून पुन्हा एक मूठ कोकोपीट. ते ओल शोषतं आणि वासही कमी होतो. वर झाकण घट्ट हवं. सोबत कपडे बदलण्यासाठी मिळतो तसा उभा, घडीचा तंबू. रात्री किंवा पावसात बाहेर उतरायचं नसेल, तर गाडीच्या आतच जाड पडदा ओढायचा.

रोजच्या मुक्कामी बादलीतला मैला टॉयलेटमध्येच रिकामा करायचा. शेतात नाही, नदीत नाही. कोकोपीट मात्र टॉयलेटमध्ये टाकू नका, पाइप तुंबतो. फक्त लघवीसाठी वेगळा डबा ठेवला तर काम निम्म्याने सोपं होतं.

वजनाचा विचार

सुताराने केलेली कपाटं आम्ही काढून टाकली. १८ मिलिमीटर प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट ३० किलोच्या वर भरते. अशा दोन शीट म्हणजे गाडीत एक माणूस जास्तीचा. त्यात २० लिटर पाणी म्हणजे आणखी २० किलो. घाटात इंजिन धापा टाकतं, ब्रेक उशिरा लागतो.

आता कपाटांऐवजी झाकणाचे प्लास्टिकचे खोके आहेत आणि ते पट्ट्यांनी हुकांना बांधलेले असतात. हे बांधणं महत्त्वाचं. जोरात ब्रेक लागला की सुटा कुकर थेट पुढच्या माणसाच्या डोक्याकडे येतो. झोपायची फळी मुक्कामी पोहोचल्यावरच टाकायची. गाडी चालू असताना प्रत्येकाने सीटवर आणि बेल्ट लावूनच बसायचं, डुलकी लागली तरी.

आईबाबा गाडीत झोपतात, माझा छोटा तंबू शेजारी. तिघांना आत कोंबायचा हट्ट सोडला आणि सगळ्यांचीच झोप सुधारली.

विजेचा हिशोब कागदावर

दुकानात जाण्याआधी वही घ्या. पंखा १५ वॉटचा, आठ तास, म्हणजे १२० वॉट-तास. ५ वॉटचे दोन दिवे, चार तास, म्हणजे ४०. तीन फोन मिळून साधारण ४५. एकूण झाले २०५. एवढ्यासाठी ५०० वॉट-तासांचं पोर्टेबल पॉवर स्टेशन पुरतं, दुसऱ्या रात्रीलाही थोडं उरतं. चालत्या गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर ते तीन-चार तासांत बरंचसं भरून निघतं.

फ्रिज घेतला की मात्र हिशोब बदलतो. उन्हाळ्यात छोटा फ्रिजही दिवसाला ३०० वॉट-तासांच्या पुढे सहज जातो. मग मोठी बॅटरी, सोलर पॅनल, आणखी वजन. आम्ही बर्फाच्या डब्यावर भागवतो. ज्यांच्या घरी कुणाला इन्सुलिन लागतं, त्यांनी मात्र फ्रिज आधी घ्यावा आणि बाकी सगळं नंतर.

वायरिंग करून घेणार असाल तर बॅटरीजवळ फ्यूज हवाच. १२ व्होल्टवर ५०० वॉटचा इन्व्हर्टर ४० अँपियरच्या वर करंट ओढतो. बारीक वायर तापते आणि आग इथूनच लागते.

हवा खेळती हवी

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून आत शिरलेला कार्बन मोनॉक्साईड हे कारण तपासात पुढे आलं. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

म्हणून आमच्याकडे तीन नियम आहेत. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. स्वयंपाक बाहेरच करायचा, मागचं दार वर उघडलं की डोक्यावर छान सावली होते. आणि रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवायच्या. खिडक्यांना चुंबकाच्या पट्ट्या शिवलेल्या मच्छरदाण्या आईने स्वतः शिवल्या. दुपारच्या उन्हासाठी काचेच्या मापाचे चंदेरी बबल शीट कापून घेतलेत. या दोन्हींचा खर्च दिव्यांपेक्षा कमी आणि उपयोग कितीतरी जास्त.

सोबत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईड अलार्म ठेवा. घरात गॅस शेगडी, हीटर वापरणाऱ्यांनाही तो उपयोगी पडतो.

कापाकापी नको

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. छत कापणं, सीट कायमची काढणं असं काही मनात असेल तर आधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारा. अपघात झाला तर विम्याचा दावा याच कारणावरून अडू शकतो. त्यापेक्षा जे जे कराल ते दहा मिनिटांत काढता येईल असं करा. सोमवारी तीच गाडी भाजी आणायला न्यायची असते!

एक रात्र घराखाली

पैसे खर्च करण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक रात्र गाडीत काढून पाहा. पाठ कुठे टोचते, चष्मा कुठे ठेवायचा, रात्री दोन वाजता गुडघा धरून कोण कसं उतरतं, हे सगळं एका रात्रीत कळतं. सकाळी घरातल्या प्रत्येकाला एकच विचारा, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" सर्वात उशिरा बोलणाऱ्या माणसाचं उत्तर यादीत सर्वात वर लिहा.

यंदाच्या थंडीत आम्ही पुन्हा कच्छला गेलो. रणातल्या त्याच रस्त्याकडेला गाडी थांबवली, मागचं दार उघडून चहा ठेवला. आईने एक कप संपवला आणि दुसऱ्यासाठी कप पुढे केला. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त आधणात थोडं पाणी वाढवलं.