विज्ञानपट आणि नेपथ्य

स्नेहसंमेलनात चंद्रावरील एखादा प्रवेश करावयाचे ठरले, की "भाड्याने प्रकाशमान पडदा आणू, त्यावर चंद्र दिसेल," अशी सूचना हमखास पुढे येते. ती सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु चंद्र दिसला म्हणजे चंद्रावरचे वातावरण निर्माण झाले काय? विज्ञानपट पाहणाऱ्या प्रत्येकाने विचार करावा असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. आपल्या पिरनवाडीहून निपाणीमार्गे कोल्हापूर गाठावे. तेथील बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, हे प्रथम नाटकांचे पडदे रंगवीत असत. पुढे चित्रपटाच्या ध्यासाने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरादेखील स्वतःच घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांसमोर आणला. पडदे रंगविण्यात ज्यांचा हात धरणारा विरळा, त्याच बाबूरावांनी चित्रपटात रंगीत पडद्याऐवजी भरीव नेपथ्य उभे केले, ही गोष्ट मोठी बोधप्रद आहे. रंगविलेला वाडा डोळ्यांना दिसतो. पण त्याच्या खांबाला टेकता येत नाही, की त्याच्या दारातून आत जाता येत नाही. 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचाही उपयोग केला. हे काही विज्ञानपट नव्हेत. तथापि न पाहिलेला काळ काय किंवा न पाहिलेला ग्रह काय, प्रेक्षकाला तो पटविण्याचा मार्ग एकच आहे.

जर्मनीत फ्रिट्झ लांग यांनी 'मेट्रोपोलिस' (१९२७) मध्ये भविष्यातील महानगर दाखविले. त्यासाठी इमारतींच्या लहान प्रतिकृती आणि आरसे यांचा असा मेळ घातला, की खरी माणसे त्या प्रचंड इमारतींतच वावरत आहेत असे भासावे. स्टॅन्ली कुब्रिक यांनी '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) साठी सुमारे ३८ फूट व्यासाचे फिरते चक्रच बांधविले. चक्र फिरत असताना नट त्यात धावतो आणि पाहणाऱ्याला आपल्याच पायांखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. आरती कडव यांच्या 'कार्गो' (२०१९) या हिंदी चित्रपटात मृत माणसे पुनर्जन्मापूर्वी एका अंतराळयानात येतात. त्या यानाचे नाव 'पुष्पक'! यानातील कामकाज मात्र एखाद्या कचेरीसारखे रुक्ष, म्हणूनच ते आपल्या ओळखीचे वाटते.

आज संगणकाच्या साहाय्याने काहीही दाखविता येते. त्या तंत्राला नावे ठेवणे मूर्खपणाचे होईल; बाबूरावही आपल्या काळातील नव्या तंत्राचे भोक्तेच होते. माझे म्हणणे इतकेच, की तंत्राने जागेची सेवा करावी, तिची जागा घेऊ नये. जेथे पात्राच्या हाताला काही लागत नाही, तेथे प्रेक्षकाच्या मनालाही काही लागत नाही.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, भाड्याचा पडदा हवा तर अवश्य आणा; परंतु त्याआधी बांबू, पुठ्ठे आणि जुने पत्रे जमवून आपले यान आपणच बांधा. त्याचे दार थोडे वाकडे झाले तरी चालेल. त्या दारातून तुमचा सोबती वाकून बाहेर आला आणि त्याने जपून पहिले पाऊल टाकले, की सभागृह क्षणभर श्वास रोखून धरील. भाडे भरून हा क्षण विकत मिळत नाही.