मागच्या चाकांचा गुन्हा

मोटार सरळ चालेनाशी झाली की सारा आळ पुढच्या चाकांवर येतो. स्टिअरिंग पुढे, हाकणारा पुढे, वळणारी चाकेही पुढचीच. तेव्हा दोषही पुढेच असणार, असा आपला साधा हिशेब. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला मात्र हा हिशेब पटायला अंमळ जड जातो. आमच्या वाक्यात कर्ता पुढे मिरवत असतो. पण वाक्य कोणीकडे जाणार ते शेवटी बसलेले क्रियापद ठरविते. जुन्या मोटारीचेही काहीसे असेच आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांच्या दारात १९६७ सालची फियाट अकराशे उभी असते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून जी ‘डिलाइट’ म्हणून तयार होऊ लागली आणि पुढे ‘पद्मिनी’ म्हणून घरोघर पोचली, ती हीच जात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निघून गेली. हौशी मंडळींच्या दारात मात्र ही गाडी अजून टिकून आहे.

गुरुजींच्या गाडीला एक खोड लागली. सरळ जायचे तर स्टिअरिंग किंचित डावीकडे वळवून धरावे लागे. हात सैल सोडला की गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर जाऊ पाही. गुरुजींनी पुढच्या चाकांचे अलाइनमेंट तीनदा करून घेतले, दोन टायर बदलले, खोड कायम! पावसाळ्यात ताम्हिणी घाटात ब्रेक लावताच तिने उजवीकडे अशी झोकांडी घेतली, की घरी येताच सूनबाईंनी निक्षून सांगितले, “बाबा, आजपासून मुले या गाडीत बसणार नाहीत.” भंगारवाला गाडी पाहूनही गेला. वडिलांनी घेतलेली गाडी. गुरुजी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. आधी चारही टायरांतली हवा सारखी केली. ब्रेक धरून राहणारे एखादे चाक तापते का, ते हात लावून पाहिले. हवा कमी असली किंवा ब्रेक अडकला, तरी गाडी एका अंगाला ओढते. तिथे काही सापडेना, तेव्हा अंगणात पाणी ओतून गुरुजींना म्हणाले, “यातून गाडी सरळ न्या आणि कोरड्या फरशीवर चाला.” ओल्या चाकांचे ठसे उमटले. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोडीतले अंतर मुळात थोडे कमीजास्त असू शकते. पण तो फरक दोन्ही अंगांना सारखा दिसला पाहिजे. इथे मागचे दोन्ही ठसे डावीकडे सरकलेले. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती. मिस्त्री म्हणाले, “गुरुजी, हिचे डोके ठीक आहे. कंबर सरकली आहे.”

याचे कारण समजायला अवघड नाही. अशा गाडीचा मागचा ॲक्सल म्हणजे एक अखंड दांडा. तो दोन पाट्यांना, म्हणजे पानापानांच्या स्प्रिंगांना, यू-बोल्टांनी आवळलेला असतो. पाट्याची पाने जखडणाऱ्या सेंटर बोल्टाचे डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते, आणि त्यामुळे ॲक्सल जागच्या जागी राहतो. यू-बोल्ट सैल पडले की सगळा ताण त्या डोक्यावर येतो, आणि एक दिवस ते तुटते. मग ॲक्सलचे ते टोक मागेपुढे सरकायला मोकळे!

डावे टोक एक सेंटीमीटर मागे गेले असे धरा. दोन पाट्यांत मीटरभर अंतर मानले तर ॲक्सल अर्ध्या अंशाहून थोडा अधिक तिरका होतो. हे काही फार वाटत नाही. पण मागची चाके आता डावीकडे तोंड करून ढकलतात, शेपूट डावीकडे जाते आणि नाक उजवीकडे वळते. चालविणारा स्टिअरिंग डावीकडे धरून ते सावरतो. अशा वेळी पुढची चाके कितीही वेळा जुळवा, रोग मागेच राहणार.

घाटातल्या झोकांडीचा उलगडाही यातच आहे. सैल टोक गाडीला वेग देताना पुढे आणि ब्रेक लावताना मागे सरकते. म्हणून डाव्या बाजूचा ॲक्सल सैल असला तर वेग देताना गाडी डावीकडे आणि ब्रेक लावताना उजवीकडे झुकते. ओढ अशी बाजू बदलू लागली, तर काहीतरी हलते आहे असा संशय घ्यावा. यू-बोल्ट, सेंटर बोल्ट आणि पाट्यांचे बुश तपासावेत. ओढ सदासर्वकाळ एकसारखी असेल, तर काहीतरी सरकून किंवा वाकून बसले आहे असे समजावे.

मिस्त्रींनी मग टेप काढली. गाडी सपाट जागी चाकांवरच उभी ठेवून पाट्याच्या पुढच्या खिळीपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजले. डावीकडे ते जास्त भरले. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत मोजले असते तर पुढचा दोषही त्यात मिसळला असता. दांडाच वाकला आहे का, हे पाहायला मागच्या टायरांवर खडूने एकेक खूण केली, खुणांमधले अंतर पुढच्या अंगाने मोजले, गाडी अर्धा फेरा ढकलून तेच मागच्या अंगाने मोजले. दोन्ही मापे जुळली; दांडा सरळ होता. शेवटी पाट्यांच्या खिळ्यांवरून ओळंबे सोडून जमिनीवर चार खुणा केल्या आणि कर्ण मोजले. तेही सारखे निघाले, म्हणजे गाडीचा तळ अपघाताने वाकलेला नव्हता. गुरुजींचा चेहरा तिथेच उजळला.

पाटा उतरवला तेव्हा सेंटर बोल्टाचे डोके तुटून हातात आले. नवा बोल्ट, नवे यू-बोल्ट आणि रबरी बुश घातले. बुशांच्या खिळ्या गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटच्या आवळल्या, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत बसते आणि लवकर फाटते. “काही दिवस चालवा आणि यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. विसरू नका,” मिस्त्रींनी बजावले. बोल्टांचा खर्च एका टायराच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ होता.

वाचकहो, सणाला जुन्या गाडीने गावी निघणार असाल, तर बादलीभर पाणी आणि घरातली टेप एवढ्यावर निम्मी तपासणी घरीच होते. गाडीखाली शिरायचे असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर शिरू नका. खाली भक्कम घोडे लावा. आणि पाट्याला हात घालायची वेळ आली तर जाणत्या मिस्त्रीला बोलवा. गुरुजींच्या सूनबाईंनी या दिवाळीला मुलांना त्या गाडीत बसू दिले आहे; अट एकच, निघण्यापूर्वी अंगणात पाणी ओतून ठसे त्या स्वतः पाहतात.