सकाळी गाडी रुसते तेव्हा

मैत्रिणींनो, १९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि २०१४मध्ये ती बनायची थांबली. तरी आपल्या हिंगोली-वसमतकडे जपून वापरलेली ८०० अजून दिसते. औंढ्याला दर्शनाला नेते, वेळप्रसंगी नांदेडच्या दवाखान्यातही. अशा वेळी ‘हे’ फिरतीवर असावेत, सासूबाई तयार होऊन बसलेल्या असाव्यात आणि गाडीनं नुसतं घर्र घर्र करावं! मग मेकॅनिक येतो, म्हणतो, “पंप गेला.” खरंच गेला का, हे आपणच आधी पाहू या.

स्टार्टर मरगळल्यासारखा फिरत असेल किंवा नुसताच ‘टक्’ वाजत असेल, तर दोष बॅटरीकडे. तिथे पंपाचा काय संबंध?

स्टार्टर जोरात फिरतोय, पण इंजिन लागत नाही, असं असेल तर कान द्या. २०००च्या सुमारापासूनच्या इंजेक्शनवाल्या गाडीत किल्ली ‘ऑन’ केली की मागून, टाकीकडून, दोनेक सेकंद बारीक गुंगुं आवाज येतो. तो विजेचा पंप. आवाजच नाही? तर आधी फ्यूज आणि रिले तपासून घ्यायला सांगा. पंपाचे पैसे मागाहून.

आवाज येतो, पण सकाळी पहिल्यांदा फार वेळ स्टार्टर मारावा लागतो? तर हे करून बघा. किल्ली ऑन, तीन सेकंद थांबा, ऑफ. असं तीनदा करून मग स्टार्टर मारा. गाडी चटकन लागली, तर रात्रभरात पेट्रोलचा दाब उतरतोय असं धरायला हरकत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व गळला की पाईप रिकामा होतो ना, तसंच! पंपातला उलट-झडपेचा व्हॉल्व किंवा प्रेशर रेग्युलेटर गळत असतो. पण लागताना काळा धूर आणि पेट्रोलचा भपकारा आला, तर इंजेक्टर ठिबकतोय का तेही बघायला सांगा.

मेकॅनिककडे प्रेशर गेजचा आग्रह धरा. अशा गाड्यांत काटा साधारण अडीच-तीन किलोवर जातो, आणि इंजिन बंद केल्यावर तो लगेच घसरता कामा नये. दाब मुळातच कमी असेल तर आधी फिल्टर बदलून पुन्हा मोजा. गेज न लावताच पंप बदला म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणावं. पेट्रोलचा पाईप मात्र घरी कुणी सोडू नये. आत दाब असतो, आणि पेट्रोल ते पेट्रोलच.

त्याआधीच्या कार्बोरेटरवाल्या गाडीचं दुखणं निराळं. थंडीत चोक ओढा. मे महिन्यात भर दुपारी बाजारात थांबून परत आलात आणि लागेना, तर पाईपातच पेट्रोलची वाफ झालेली असू शकते. बॉनेट उघडून, सावलीत, पंधरा मिनिटं थांबा. पेट्रोलचा वास येत असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारा, पंप करू नका.

कुठलीही गाडी असो, स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा. इंजेक्शनवाल्या गाडीची टाकी सदा रिझर्व्हवर ठेवू नका, कारण पेट्रोलमध्ये बुडूनच पंप गार राहतो. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला जुन्या रबरी नळ्या वाकवून बघायला लावा. चिरा दिसल्या तर तेवढ्या तरी बदलून घ्या.