‘किंवा’ नावाची पळवाट

प्रोग्रॅमर मंडळी, आधी एक सोपा प्रश्न. दोन अटी ‘किंवा’ने जोडल्या, तर त्यातल्या किती खऱ्या असाव्या लागतात? एक. पहिली खरी निघाली की दुसरीकडे कुणी बघतसुद्धा नाही. बरोबर?

आता कायदा बघा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १९४ बी आलं. त्याचं दुसरं पोटकलम सोप्या भाषेत असं : गाडीतलं चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित केलेलं नसेल, तर १००० रुपये दंड.

वाचायला झकास. पण त्या ‘किंवा’वर बोट ठेवा. तेरा वर्षांचा उंच पोरगा आणि दीड वर्षाचं बाळ, दोघं एकाच अटीत! दोघांना मोठ्यांचा बेल्ट अडकवला की काम झालं. या पोटकलमात उंची नाही, वजन नाही, पुढे बसवायचं की मागे तेही नाही. आमच्याकडे असा कोड कुणी रिव्ह्यूला पाठवला, तर पाच मिनिटांत परत येईल.

मोठ्यांचा बेल्ट साधारण दीड मीटर उंचीच्या माणसाला नीट बसतो. लहान मुलाला लावला तर वरचा पट्टा गळ्याशी येतो आणि खालचा कमरेच्या हाडाऐवजी मऊ पोटावर. धडकेत तोच पट्टा आत इजा करतो. म्हणजे कायदा पाळला, मूल मात्र वाचलंच असं नाही.

तान्ह्या बाळाला तर बेल्ट लावताच येत नाही, म्हणून ते मांडीवर. ‘मी घट्ट धरते ना!’ जरा गणित करू. वेग ताशी ५० किमी, म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. धडकेत गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोचं बाळ हातांना साधारण १४० किलोचं होतं. धरून दाखवा! आणि पुढच्या सीटवर असाल, तर समोर एअरबॅग आहेच, जी नेमकी बाळावर उघडते.

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून नगरकडे निघालेल्या गाड्यांत डोकावून बघा. सुप्यापर्यंत किती चाइल्ड सीट दिसतात मोजा, एका हाताची बोटं पुरतील. आता तर शिर्डीजवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, कारला ताशी १२० किमीची मुभा. वरचं गणित ५० चं होतं, हे विसरू नका.

आणखी गंमत बघा (गंमत कसली!). दुचाकीवर चार वर्षांखालचं मूल असेल, तर त्याला हार्नेस हवा, मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ४० च्या आत हवा. हा केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. म्हणजे लहान मुलाचं शरीर वेगळं असतं, हे सरकारला माहीत आहे. फक्त ते कारमध्ये बसलं की सरकार विसरतं.

ही पळवाट आपणच शोधली असंही नाही. अमेरिकेत चाइल्ड सीटचा पहिला कायदा टेनेसी राज्याने १९७७ मध्ये केला. त्यात मोठ्या माणसाने मूल हातात धरलं तरी चालेल, अशी सूट घुसडली गेली. टीकाकारांनी तिला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ म्हटलं, आणि १९८१ मध्ये ती काढावी लागली. ब्रिटनमध्ये आज बारा वर्षं किंवा १३५ सेमी उंची, यातलं जे आधी येईल तोपर्यंत सीट लागते. ‘किंवा’ तिथेही आहे, पण मोजून टाकलेला.

आपल्याकडे केरळच्या परिवहन आयुक्तांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये चाइल्ड सीट सक्तीची घोषणा केली. ओरड झाली आणि मंत्र्यांनी काही दिवसांतच माघार घेतली.

ओरड ठरलेली असते : ‘सीट महाग’, ‘गाडीत आजी-आजोबा कुठे बसतील’, ‘आम्ही नाही का मोठे झालो?’ जागेची अडचण खरी आहे, मान्य. पण दहा लाखांची गाडी घेताना सनरूफसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्याने सीट महाग म्हणू नये. आणि ‘आम्ही मोठे झालो’ हे जे मोठे झाले तेच सांगतात. बाकीचे सांगायला आहेत कुठे?

मागणी साधी आहे. हे पोटकलम फोडा. १३५ सेमीपर्यंत फक्त चाइल्ड सीट, तीही मागे. त्यापुढे बेल्ट. मोटार वाहनं हा समवर्ती सूचीतला विषय आहे, त्यामुळे ‘दिल्लीचं काम’ म्हणून मुंबईलाही हात झटकता येणार नाहीत.

तोवर मात्र ‘पोलिसांनी पकडलं नाही’ म्हणजे ‘मूल सुरक्षित आहे’ असं समजू नका, राव. कंपायलरने एरर दिला नाही म्हणून प्रोग्रॅम बरोबर असतो का?