न छापलेली वजावट

उपचार फुकट मिळाले की माणूस त्यांचा अपव्यय करतो, म्हणून खर्चाचा काही वाटा रुग्णानेच उचलावा, असे विमाशास्त्र सांगते. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेने हे पडताळून पाहिले. वाटा लादताच उपचारांचा वापर घटला खरा. पण अनावश्यक उपचारांइतकेच आवश्यक उपचारही घटले आणि त्याची झळ गरीब रुग्णांना बसली.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कागदोपत्री असा वाटा नाही, हे स्वागतार्हच आहे. परंतु ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्यांची. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरून कल्याण-ठाण्याला निघालेल्या कातकरी मजुराला गाडीभाडे, दाखल होण्यापूर्वीच्या तपासण्या, घरी परतल्यावरची दीर्घकाळची औषधे आणि दोघांची बुडालेली मजुरी सोसावी लागते. विम्याच्या हिशेबात न दिसणारी ही वजावटच होय. ती परवडत नाही म्हणून जो घरीच राहतो, त्याच्यासाठी पाच लाखांचे संरक्षण शून्यवत ठरते. भातसा-तानसाचे पाणी मुंबईला पुरवणाऱ्या तालुक्याच्या वाट्याला हे यावे, हा न्याय नव्हे.

कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. मग वीटभट्टीवरच्या मजुराला तो का नसावा? बाह्यरुग्ण उपचार, औषधे आणि बुडालेली मजुरी यांची जबाबदारी शासनाने घ्यावी. शहापूर-मुरबाडच्या सरकारी रुग्णालयांत तज्ज्ञ डॉक्टर द्यावेत. कार्यकर्त्यांनी ही मागणी ग्रामसभांतून लावून धरली पाहिजे.