पिल्लू खाईल तर ना!

युरोपातल्या डुक्करपालनात साधारण 28व्या दिवशी पिल्लांचं दूध तोडतात. तोवर तासातासाला आचळाला लागणाऱ्या सात-आठ किलोच्या जिवापुढे एकदम गहू, बार्ली आणि सोयापेंडीचं कोरडं खाद्य येतं. पिल्लू नाक खुपसून हुंगतं आणि मागे फिरतं. काही तर पहिला अख्खा दिवस तोंड लावत नाहीत. एवढ्यात लहान आतड्याची मखमली लव, जिच्यातून अन्नरस शोषला जातो, ती खुजी होते. मग न पचलेली प्रथिनं मोठ्या आतड्यात सडतात, ई. कोलाय हा जंतू माजतो आणि हगवण लागते.

यावर कित्येक वर्षांचा उतारा म्हणजे झिंक ऑक्साइड: किलोभर खाद्यात 2.5 ग्रॅम जस्त. ते डुकरांच्या विष्ठेच्या खतातून शेतात साचतं, प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंनाही बळ देतं. म्हणून जून 2022मध्ये युरोपीय संघाने हा औषधी वापर थांबवला. वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविकं तर 2006पासूनच बंद आहेत. आता भिस्त अमायनो आम्लांवर, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांवर.

त्यात दम आहे. लायसिन, मेथिओनिन, थ्रेओनिन, ट्रिप्टोफॅन वरून घातलं की सोयापेंड कमी करता येते. आतड्यात सडायला प्रथिन कमी उरतं, मुतातला नत्रही घटतो. थ्रेओनिन आतड्याच्या बुळबुळीत अस्तराला लागतं. ग्लुटामाइन तर आतड्याच्या पेशींचं इंधनच. खाद्यात ते 1 टक्का घातल्यावर पहिल्या आठवड्यात लव कमी झडल्याचं प्रयोगांत दिसलं आहे.

पण लव लांब झाली म्हणजे वजन वाढलंच, असं नाही. ग्लुटामाइनचे निकाल फार्मागणिक बदलतात आणि ते महागही पडतं. प्रथिन फारच कापलं तर व्हॅलिन, आयसोल्युसिन ही इतर अमायनो आम्लं कमी पडतात आणि वाढ खुंटते. शिवाय खाद्यातली पावडर पोटात जायला पिल्लाने खायला हवं. न खाणाऱ्या पिल्लाची सगळी अमायनो आम्लं गव्हाणीतच राहतात. (विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात एवढंच तेवढं राहून जातं.)

आमचं मत असं: पहिली चार अमायनो आम्लं घालून प्रथिन बेताने उतरवावं. ग्लुटामाइन दूध तोडल्यावरच्या दोन आठवड्यांपुरतं, तेही हिशेब बसत असेल तरच. आणि त्याआधी, आईजवळ असतानाच पिल्लांपुढे थोडं ओलसर खाद्य ठेवायला लागा. जमलं तर आठवडाभर उशिरा तोडा.