झेमोची टोळी आणि जोल्ट नावाची पोरगी

गुन्हेगारांनाच नायक करणारा कॉमिक्सचा संग्रह हातात आला की मी एकच गोष्ट पाहते. त्यांच्या गुन्ह्यांचा हिशेब लेखक ठेवतो, की मुखवट्याआड दडवतो?

असा नायक आपल्याला नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांचा काळा पहाड कायद्याला हवा होता आणि वाचकांना प्रिय. जालन्यात हिंदी कानावरचीच, त्यामुळे राज कॉमिक्सचा डोगा वाचायला इथे भाषांतर लागलं नाही. उकिरड्यावर सापडलेला, डाकू हलकानसिंगाच्या हाताखाली वाढलेला सूरज कुत्र्याचा मुखवटा चढवून मुंबईत गुंडांना गोळ्या घालतो. त्या गोळ्यांबद्दल वाचकाला शंका येऊ नये, अशीच बहुतेक कथांची मांडणी असते.

मार्व्हलचा ‘थंडरबोल्ट्स’ इथेच वरचढ ठरतो. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रकार मार्क बॅगली, साल 1997. अव्हेंजर्स मेले असं जग धरून चाललंय. त्यांच्या जागी नवं पथक येतं, लोक डोक्यावर घेतात. पहिल्या अंकाच्या शेवटी कळतं, की हे तर खलनायक बॅरन झेमोच्या टोळीतले जुने गुन्हेगार, वेष पालटलेले.

हे गुपित आता जगजाहीर आहे, तरी पहिले बारा अंक सलग वाचताना पकड सुटत नाही. कारण खरी गोष्ट गुपितानंतर सुरू होते. वाचवलेली माणसं आभार मानतात आणि टोळीतल्या मॅक-1, साँगबर्ड यांना ते आवडू लागतं. सोंग अंगवळणी पडतं. घरचे पापात वाटेकरी व्हायला तयार नाहीत हे कळल्यावर वाल्या कोळी हादरला. इथे उलट, परक्यांनी टाकलेला विश्वास टोळीला आतून पोखरतो. चौथ्या अंकात जोल्ट येते. आईबाप गमावलेली ही किशोरवयीन मुलगी सगळ्यांना खरेखुरे नायक समजते. तिच्यासमोर खोटं बोलणं एकेकाला जड जाऊ लागतं, आणि बॅगली ते चेहऱ्यांवर दाखवतो. आपली माणसं हातची चालली हे ओळखून दहाव्या अंकात झेमो स्वतःच सगळ्यांचं बिंग फोडतो, म्हणजे त्यांना परतीची वाटच उरू नये. अख्ख्या संग्रहात मला हे वळण सर्वांत मोलाचं वाटतं. चांगलं वागायचं ठरवलं म्हणून मागचं पुसलं जात नाही, हे ब्युसिक इथे कुणालाही न सोडता सांगतो.

उणिवा आहेत. चौकटींत मजकूर फार, आणि अंतराळातली अखेरची झुंज ठरीव.

‘गुंडांची गोष्ट मुलांना कशाला?’ असं विचारणाऱ्या पालकांना माझं उत्तर स्पष्ट आहे: चौदा वर्षांच्या मुलाला ती जरूर द्या. अंबड, परतूर, भोकरदनच्या ग्रंथालयांनी यंदाच्या खरेदीत हा संग्रह घ्यावा, आणि कुणा प्रकाशकानं तो मराठीत आणायचं मनावर घ्यावं.